सरासरीचा पाऊस

'यंदा पाऊस सरासरीइतका' अशी बातमी आली की आपण हुश्श करतो. ही देशाची सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांतली, जून ते सप्टेंबरची, ८७ सेंटिमीटर. चार टक्के इकडेतिकडे झाले तरी हवामान खाते पाऊस सामान्यच मानते.

हिशेब चोख आहे. पण सरासरी कुणाच्याच शेतात पडत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि माण तालुका पाचशेच्या आतबाहेर राहतो.

२०१९ चेच बघा. मान्सून केरळात ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा पोचला. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट. पुढे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यांत आभाळच फाटले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या महापुराची खूण ५४ फुटांच्या आसपास होती. पाणी फार तर तिथवर येईल, म्हणून सामान माळ्यावर टाकून घरातच थांबलेली माणसे अडकली. ब्रह्मनाळला तर लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली. त्याच दिवसांत मराठवाड्यात टँकर फिरत होते. (२०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते सांगली जिल्ह्यातल्याच मिरजेहून.) हंगाम संपला तेव्हा देशाची नोंद झाली ११० टक्के. जूनची तूट कागदावर भरून निघाली. कुजलेला ऊस आणि दुबार पेरणी तिच्यात कुठेच दिसत नाही.

तापमानाच्या बाबतीत मात्र सरासरी कामाची. मे महिन्यात ४३ अंश ही पुण्यात उष्णतेची लाट, चंद्रपूरला रोजचाच दिवस. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मग महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो आणि मधले आठवडे कोरडे जातात.

याची खरी झळ धरणावर लागते. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. जुलैअखेरीस ते किती भरू द्यायचे, हे दरवर्षी ठरवावे लागते. भरून घ्यावे, तर ऑगस्टमध्ये धो-धो पावसात दरवाजे उघडावे लागतात. रिकामे ठेवावे आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर उन्हाळ्यात वीज आणि पाटाचे पाणी, दोन्ही तुटतात.