डब्बा स्वस्त, शिकवणं महाग

आपल्या सुप्यासारख्या गावातल्या पतसंस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर त्याच्या आधी एक रास्पबेरी पाय ४ बसवायचा. त्यावर पोस्टफिक्स आणि स्पॅमअसॅसिन, दोन्ही फुकट. खरी गोम पुढंय. त्यातला बेझ फिल्टर किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. चांगले मेल संस्थेचेच द्या. 'लोन', 'इंटरेस्ट' हे शब्द जगात स्पॅमचे, पतसंस्थेत रोजच्या कामाचे! तोवर काही डिलीट करू नका. ५ गुण ओलांडले की विषयावर फक्त शिक्का मारा. सभासदाचा कर्जाचा अर्ज परस्पर उडाला, तर कुणाला कळणारही नाही. आणि हो, लॉग मेमरी कार्डवर नको, ते लवकर मरतं. एसएसडी लावा.