लाईट आली, लाईट गेली



रसग्रहणाचं भाषण म्हटलं की राग येतो, चित्र येतं, फार तर एखादं नाटक येतं. मी आज तुम्हाला माणसांचं बोलणं ऐकायला बसवणार आहे. बोलणं ही कलाच आहे आणि तिची मैफल आपल्या ओट्यावर रोज फुकट चाललेली असते. उदाहरणाला शब्द एकच घेतो, तोही इंग्रजांकडून आलेला. लाईट.

या शब्दाचा इंग्रजीतला संसार मोठा. उजेड तो लाईट, दिवा तो लाईट, वजनाला हलकं ते लाईट, फिका रंग लाईट, पचायला सोपं जेवण लाईट, विडी पेटवायची तरी पुन्हा लाईटच. जाणकार सांगतात, उजेडाचा लाईट आणि हलका लाईट हे मुळात दोन निराळे शब्द. बोलता बोलता उच्चार एक झाला. त्या व्युत्पत्तीत शिरलो तर माझा वेळ तिथंच संपेल. तेव्हा थेट आमच्या मराठवाड्यातल्या कळंबला चला.

कळंबात लाईट म्हणजे बाईमाणूस. ती येते, ती जाते. पुण्या-मुंबईकडं पुष्कळ घरांत ‘लाईट गेले’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या मनात घरातले दिवे असतात, चार-सहा, अनेकवचनी. आमच्याकडं ‘लाईट गेली’. दिवे कितीही असोत, जाणारी एकटीच. आणि एखादे दिवशी ती धड राहत नाही, धड जात नाही, तेव्हा ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणते, “सकाळपसनं नुसती यायलीय-जायलीय.” हे एकदा मोठ्यानं म्हणून बघा. यायलीय-जायलीय! दिव्याची उघडझाप त्या दोन शब्दांत ऐकू येते. तेच लातूरकडं सरकलात तर ‘येलालीय-जालालीय’ होतं. लकार वाढतात, झोका लांबतो. मला हे वाक्य इतकं आवडतं की लाईटीचा त्रास होत असतानाही ते कोणी म्हटलं की मी पुन्हा म्हणायला लावतो. घरचे वैतागतात, ते सोडा.

आता सूर ऐका. “लाईट?” असं वर चढवून, तोडून म्हटलं, तर तो प्रश्न आहे: तुमच्याकडं आहे का, की माझ्याच घरचा फ्यूज उडाला? “लाईऽऽट!” असं लांबवलं, तर कुणीतरी चालू दिवा विसरून झोपलंय आणि आई आतून ओरडतेय. “लाईट...” असं खाली उतरवत म्हटलं, तर मोटर मधेच बंद पडलीय आणि उसाच्या निम्म्या सऱ्या कोरड्या राहिल्यात. शब्द तोच, अर्थ आवाजानं भरला. गवय्या एका स्वरावर किती वेळ थांबतो याला आपण दाद देतो. मग या आवाजांना का देऊ नये?

शेतकऱ्याच्या तोंडात तर हा शब्द दिवसरात्र असतो. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीनं मिळते: एखादा आठवडा दिवसा ८ तास, एखादा रात्री १० तास. त्यामुळं ‘दिवसाची लाईट’ आणि ‘रातची लाईट’ अशा दोन वेगळ्या लाईटी आमच्याकडं आहेत. “या हप्त्यात रातची हाय,” एवढं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं: बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जायचं आहे, थंडी आहे, पायाखाली काय येईल सांगता येत नाही, आणि उद्या सकाळी या माणसाला लवकर उठवायचं नाही. चार शब्दांत एवढा ऐवज बसवणं कवीलाही सोपं नाही.

पुण्याला शिकणारा एक भाचा सुट्टीला आला होता. मामा कशावरून तरी चिडलेले. भाचा म्हणाला, “मामा, लाईट घ्या ना.” म्हणजे मनावर घेऊ नका, असं त्याला म्हणायचं होतं. मामा म्हणाले, “कोटेशन भरून बसलाव की, बाबा. डीपी कवा बसल तवा घेऊ!” भाच्याला वाटलं मामांनी विनोद केला. मामांना वाटलं भाच्यानं शेतातल्या लाईटीच्या कनेक्शनची चौकशी केली. दोघंही खूश.

एरवी मात्र असा घोळ होत नाही, ही यातली गंमत. कापडाच्या दुकानात बाई म्हणतात, “जरा लाईट कलरमधी दाखवा”, हॉटेलात एखादा सांगतो, “साखर लाईट टाक.” इथं लाईट हे नुसतं विशेषण, नामाच्या शेजारी गपचूप उभं, त्याला ना लिंग ना वचन. येणं-जाणं, भरवसा न देणं, हा सगळा तोरा नाम झालेल्या लाईटीचा. इंग्रजांनी दोन शब्दांचा एक करून टाकला, कळंबकरांनी त्याचे पुन्हा दोन केले आणि व्याकरणाचं पुस्तक न उघडता केले.

आता माझी एक नावड सांगतो. ‘विद्युत पुरवठा खंडित करण्यात आला आहे.’ हे वाक्य ऐकलं की मला वाटतं, लाईट गेल्याचं दुःख एक आणि हे दुसरं. काही सुशिक्षित मंडळी मुलांना दटावतात, “लाईट काय, वीज म्हणावं.” त्यांना माझं नम्र सांगणं आहे की गावाकडं वीज हा शब्द आधीच कामाला लावलेला आहे. वीज पडते. वैशाखात अवकाळी आभाळ भरून आलं की झाडाखालची जनावरं आधी सोडवायची, ती विजेच्या भीतीनं. जी कडाडते, जी माणूस मारते, ती वीज. आणि जी तारेतून येते, पिठाची गिरणी चालवते, जिचं बिल येतं, ती लाईट. ‘वीज आली’ असं ओरडलात तर म्हातारी माणसं बाहेरची पोरं घरात बोलावतील. मला तरी हा भेद कुठल्याही कोशापेक्षा शहाणा वाटतो.

आमच्या रेडिओतही एक लाईट आहे. आकाशवाणीच्या कारभारात ज्याला लाईट म्युझिक म्हणतात, ते आपलं सुगम संगीत. बीबीसीनंही १९४५ साली करमणुकीसाठी लाईट प्रोग्रॅम नावाची स्वतंत्र सेवा सुरू केली होती. शास्त्रीय ते जड, बाकीचं हलकं, असा तो हिशेब. माझं मन त्याला कधीच तयार झालं नाही. १९५५ साली पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक अशी ५६ गीतं. माणसं रेडिओभोवती बसून ती ऐकत. त्याला लाईट म्हणायचं? ऐकायला सुगम असेल. गायला बसा, मग कळेल.

आणखी एक लाईट आमच्या मुलखातून धावत होती, बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी. रूळ हलके, रुंदी २ फूट ६ इंच, म्हणून ती लाईट. १८९७ साली बार्शी-कुर्डुवाडी सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. कळंबात रेल्वे आलीच नाही. गाडी धरायला ढोकीला नाहीतर येडशीला जावं लागे. माझी एक आत्या त्या गाडीनं पंढरपूरला जाऊन आली आणि तक्रार करत राहिली, “नाव लाईट, अन् डब्यात उजेडच नाही!” तिला रुळांचं वजन समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तिची लाईट निराळी होती. २००८ च्या सुमारास तो मार्ग मोठ्या रुळांचा झाला. आता डब्यात उजेड भरपूर आहे, नावातली लाईट तेवढी गेली.

तर श्रोतेहो, एक विनंती. हा शब्द अजून घडतोच आहे, आणि घडताना तो ऐकायला मिळतो आहे. इंग्रजीत लाईटचा पहिला मान सूर्यप्रकाशाचा. आमच्याकडं मात्र उन्हाला कधी कुणी लाईट म्हटलं नाही. पण आता शेतात सौरपंप बसू लागलेत, आणि ‘बोर्डाची लाईट’ आणि ‘सोलरची लाईट’ अशी नवी वाटणी सुरू झाली आहे. बांधावरून जाता जाता एखाद्या सोलरवाल्याला विचारा, “लाईट हाय का?” तो मोटरीकडं बघत नाही, आधी वर आभाळाकडं बघतो आणि म्हणतो, “हाय, पण ढगानं डीम झालीय.”