चावी ग्रुपवर टाकू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



आपल्या पापड-मसाल्याचे ऑनलाइन पैसे आता संघाच्या डॅशबोर्डवर दिसतात. त्यासाठी रेझरपे डॅशबोर्डला जोडलंय. ही जोडणी दोन गोष्टींवर चालते: की आयडी आणि की सीक्रेट. आयडी म्हणजे खातेनंबर समजा, सीक्रेट म्हणजे आपली सही.

गेल्या महिन्यात माझ्याच हातून चूक झाली. डॅशबोर्ड बनवणाऱ्या मुलाने सीक्रेट मागितलं आणि मी घाईत दोन्हींचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. म्हणजे सही केलेली कोरी स्लिपच वाटली की! त्या चावीने परस्पर रिफंडसुद्धा करता येतो. मेसेज डिलीट केला, पण तोवर कुणी कुणी पाहिला, काय सांगावं? म्हणून त्याच दिवशी नवी चावी काढून जुनी बंद केली.

आता आपण असं ठरवू. सीक्रेट चावी काढतानाच एकदा दिसतं. तेव्हा अध्यक्ष आणि सचिव दोघींनी बसून ते डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये स्वतः टाकायचं. फोटो नाही, मेसेज नाही. आधी टेस्ट चावीवर तपासायचं, मग लाइव्ह चावी लावायची. काम बघणारं माणूस बदललं की चावीही बदलायची.

आणि चुकून चावी बाहेर गेलीच, तर लपवू नका. लगेच सांगा. कुणी रागावणार नाही.