राखेचा हिशेब शेवटपर्यंत



 स्थापत्य अभियंत्यांची ही राज्य परिषद नागपुरात भरते आहे आणि तिचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीज केंद्रे इथून जवळच आहेत, चंद्रपूरही फार लांब नाही. या भूमीवर उभे राहून अभियंत्यांनी कोळशाच्या राखेबद्दल बोलायचे नाही, तर कुणी बोलायचे?

आपल्या कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. शंभर टन कोळसा जळला की तीस ते पंचेचाळीस टन राख मागे उरते. चंद्रपूरचे केंद्र 2920 मेगावॅटचे आहे, त्यावरून एका दिवसाच्या राखेचा अंदाज बांधा. चिमणीकडे निघालेल्या धुरातली बारीक राख ईएसपी या विद्युत धूळरोधकात पकडली जाते, जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. कोरडी राख सायलोतून बल्करमध्ये भरतात. उरलेली पाण्यात कालवून पाइपांनी राख बंधाऱ्यात सोडतात.

या राखेचा गुण आपल्याला ठाऊक आहे. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होताना जो चुना सुटतो, तो राखेतली सिलिका बांधून घेते आणि काँक्रीटमधली छिद्रे बुजतात. देशातले पहिले रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचे धरण आपल्या घाटघरला झाले, तेही राखेच्या भरवशावर. पीपीसी सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते. तेवढे क्लिंकर वाचते, म्हणजे त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. राखेच्या विटांमुळे शेताची वरची सुपीक माती भट्टीत जात नाही. म्हणून राख वापरावी, भरपूर वापरावी, याच मताचा मी आहे.

नियमांचीही उणीव नाही. केंद्राची पहिली अधिसूचना सप्टेंबर 1999 मध्ये निघाली. तेव्हा वीज केंद्रापासून 50 किलोमीटरपर्यंतच्या वीटभट्ट्यांवर मातीत राख मिसळण्याचे बंधन होते. पुढे ते अंतर 100 आणि मग 300 किलोमीटर झाले. महाराष्ट्राने 2016 मध्ये स्वतःचे धोरण आखले. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर शंभर टक्के वापर सक्तीचा केला, न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये भरपाई लावली आणि बंधाऱ्यांतली जुनी राख दहा वर्षांत संपवायला सांगितले.

माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. सिमेंटमध्ये गेलेली राख आपण ‘वापरली’ म्हणून मोजतो आणि सखल जमिनीत ओतलेली राखही ‘वापरली’ म्हणूनच मोजतो. पहिली काँक्रीटमध्ये बांधली गेली, ती तिथेच राहणार. दुसरी मोकळी आहे. वाऱ्याने ती उडते, पावसाने वाहते आणि तिच्यातले बोरॉन, आर्सेनिक झिरपून विहिरीपर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या टाउन ऑफ पाइन्स या गावात भरावासाठी आणि रस्त्यांसाठी अशीच राख वापरली होती. तिथल्या विहिरी दूषित झाल्या आणि गावकऱ्यांना दुसरीकडून पाणी द्यावे लागले. त्या देशाने 2015 मध्ये केलेल्या नियमांत बांधलेली राख आणि मोकळी राख यांत फरक केला. रस्त्याचे काम वगळता एका जागी 12,400 टनांहून अधिक मोकळी राख टाकायची, तर तिच्यापासून अपाय होणार नाही हे वापरणाऱ्याने दाखवून द्यायचे.

काही वर्षांपूर्वी मी एका रस्त्याचा भराव पाहायला गेलो होतो. कागदावर सगळे नीट होते. आत राखेचे थर, बाजूंना मातीचे आवरण. प्रत्यक्षात आवरण अर्ध्यावर थांबले होते आणि मृग बरसून गेला होता. भरावाला पडलेल्या घळींतून करडे पाणी धुऱ्यावरून शेजारच्या कपाशीत उतरले होते. शेतकऱ्याने त्यातला एक वाळलेला पोपडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, “साहेब, यात पऱ्हाटीचं मूळ कसं शिरन?” मी तो बोटांनी दाबला. वरून कवचासारखा कडक, आत पिठासारखी भुकटी. माझ्याजवळ उत्तर नव्हते. कामाच्या कागदात ती राख ‘वापरली’ अशी नोंद होती आणि ती नोंद खोटीही नव्हती. म्हणूनच ती मला आजपर्यंत टोचते.

जुलै 2022 च्या अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा इथला राख बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, ओढ्या-नद्यांत शिरले. बंधारे रिकामे करणे किती निकडीचे आहे, हे त्या दिवशी दिसले. पण बंधाऱ्यातली राख उचलून गावाशेजारच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे बंधारा रिकामा करणे नव्हे, बंधारा हलवणे आहे.

तेव्हा या परिषदेने शासनाकडे आग्रह धरावा. बांधलेल्या आणि मोकळ्या राखेचा हिशेब वेगळा छापा. राख फाटकातून बाहेर पडली की ‘वापरली’ असे न म्हणता, ती मुक्कामी पोहोचून झाकली गेल्यावरच म्हणा. मोकळ्या भरावाआधी आणि नंतर शेजारच्या विहिरींचे पाणी तपासा आणि तो अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा.

आपले काम त्याहून जवळचे आहे. साइटवर आलेली राख कुठून आली ते विचारा, सायलोतून की बंधाऱ्यातून. काँक्रीटसाठी असेल तर आयएस 3812 प्रमाणे 45 मायक्रॉनच्या चाळणीवर 34 टक्क्यांहून अधिक उरत नाही ना, ते पाहा. ट्रक ताडपत्रीविना आला तर परत पाठवा. भरावाचे आवरण पावसाआधी पुरे झाले नसेल, तर बिलावर सही करू नका. नियम मंत्रालयात होतो, पण तो पाळला जातो की नाही, हे आपल्या सहीवर ठरते. ती सही जपा, एवढीच माझी आपल्या सर्वांना कळकळीची विनंती आहे.