संकटाची हाक आणि दोन तारा

मच्छीमार बंधूंनो, डीएससी सुविधा असलेल्या व्हीएचएफ रेडिओचे तांबडे बटन काही सेकंद दाबून धरले, की ७० क्रमांकाच्या वाहिनीवरून संकटसंदेश जातो. नौकेचा नऊ अंकी क्रमांक त्यात असतो. भारतीय नौकांचा ४१९ने सुरू होतो. जवळच्या नौकेचा रेडिओ चार्टप्लॉटरला जोडलेला असल्यास आपले ठिकाण तिच्या नकाशावर उमटते. मात्र आपल्या रेडिओला जीपीएसकडून अक्षांश-रेखांश मिळत नसतील, तर कोणी संकटात आहे एवढेच कळते. कोठे, ते कळत नाही. महागडे यंत्र घ्यावे आणि दोन तारा जोडण्याचा कंटाळा करावा, हे मला तरी उमगत नाही. बंदर सोडण्यापूर्वी रेडिओच्या पडद्यावर स्थान दिसते का, ते तांडेलाने पाहावे. बटन दाबल्यावर १६ क्रमांकाच्या वाहिनीवर तोंडीही ठिकाण सांगावे.