जगावेगळी गाडी

श्रोतेहो, सेवानिवृत्त शाळामास्तरानें फटफटीवर बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कांहींजणांस हंसूं येईल. तें साहजिक आहे. मीं स्वतः आयुष्यांत मोटारसायकल कधीं बाळगली नाहीं. परंतु ज्याचें सारें आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत गेलें, त्याला दुचाकीविषयीं कांहींच मत नसणें, हें कोंकणांत राहून नारळाविषयीं मत नसण्यासारखें होईल. शिवाय माझा आजचा प्रश्न खरोखर गाडीचा नाहींच. तो असा: चारचौघे घेतात ती वस्तु सोडून जो माणूस जगावेगळी वस्तु घेतो, तो पुढें मनापासून समाधानी असतो, कीं आपली निवड चुकली हें कबूल करावयाची लाज वाटते म्हणून समाधानाच्या गोष्टी सांगतो? या प्रश्नाचें उत्तर मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिलें, आणि तें देतांना माझी एक चूकही माझ्या पदरांत घातली. ती हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १९५४ सालीं पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि भोसरी-चिंचवडकडील माळरानांवर एकामागून एक कारखाने उभे राहिले. आकुर्डीस बजाजांच्या कारखान्यांत स्कूटरी तयार होऊं लागल्या. १९७२ सालीं त्यांनीं आपल्या स्कूटरीस राणा प्रतापांच्या घोड्याचें ‘चेतक’ हें नांव दिलें, आणि तें नांव घराघरांत गेलें. त्या काळीं कारखान्यानें किती माल काढावा, हें सरकारी परवान्यावर ठरे. मागणी अफाट आणि माल थोडा, अशी स्थिति असल्यामुळें स्कूटरीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अशा काळांत ‘निवड’ या शब्दाला फारसा अर्थच नव्हता. मिळेल ती गाडी घ्यावयाची, आणि मिळाली म्हणून पेढे वाटावयाचे.

मीही पेढे वाटले. १९७४ सालीं मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, आणि पुढें अध्यापनाचा दाखला घेऊन चिंचवडच्या एका शाळेंत लागलों. आमच्या ड्रिलमास्तरांजवळ म्हैसूरच्या कारखान्यांत झालेली येझदी मोटारसायकल होती. ज्या दांडीस लाथ मारून ती सुरू करावयाची, तीच दांडी पुढें वळविली म्हणजे गिअरची दांडी होत असे. तिच्या दोन नळ्यांतून निघणारा आवाज मैदानापलीकडच्या वर्गांतही ओळखूं येई. मला तशी गाडी हवी होती. हें मीं कोणालाच सांगितलें नाहीं. १९८० सालीं माझें लग्न झालें, त्याच वर्षीं सासरेबुवांनीं माझें नांव स्कूटरीसाठीं नोंदविलें, आणि १९८६ सालीं नंबर लागला. नंबर लागल्यावर ‘मला ती नको’ असें म्हणणारा जांवई वेडाच ठरला असता. ती स्कूटर मीं तेवीस वर्षें चालविली. तिनें माझा संसार वाहिला: गव्हाचीं पोतीं, गॅसची टांकी, दोन मुलें, आणि देहू-आळंदीच्या फेऱ्या. तिच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाहीं. मात्र मला काय आवडलें असतें, हें मला कधींच कळलें नाहीं. आणि ही एक उणीव असूं शकते, हेंही साठी उलटेपर्यंत ध्यानांत आलें नाहीं.

दरम्यान काळ पालटला. ज्या चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या प्रचंड सैन्याविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला, त्या चाकणजवळ १९९९ सालीं बजाजांचा नवा कारखाना सुरू झाला. २००१ सालीं त्यांची ‘पल्सर’ बाजारांत आली, आणि तरुणांचें मन स्कूटरीवरून उडून मोटारसायकलीवर बसलें. पुढें २००७ सालीं या कंपनीनें ऑस्ट्रियांतील केटीएम या कारखान्यांत शेंकडा साडेचौदा भाग विकत घेतला. हा कारखाना म्हणजे १९३४ सालीं मॅटिगहोफेन नांवाच्या लहान गांवीं हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनीं काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानाचा विस्तार होय. त्याच्या लहान गाड्या चाकणला तयार होऊं लागल्या. २०११ सालीं त्या प्रथम युरोपांत गेल्या. २०१२ च्या जानेवारींत ‘ड्यूक’ ही गाडी आपल्याकडे विक्रीस आली. आणि २०१४ च्या सप्टेंबरांत शर्यतीच्या घाटाची ‘आरसी ३९०’ आली. २०२३ च्या जानेवारींत दहा लाखावी केटीएम गाडी चाकणहून बाहेर पडली.

माझ्या विद्यार्थ्यानें घेतली ती गाडी ही आरसी. तींत जगावेगळें काय होतें, हें त्यानेंच मला समजावून दिलें. शर्यतीच्या गाडीला दोन किंवा चार सिलिंडर असावेत, असा जपानी कारखान्यांनीं अनेक वर्षें घालून दिलेला परिपाठ आहे. सिलिंडर अनेक असले म्हणजे यंत्र मृदु चालतें आणि आवाजही एकसारखा येतो. या गाडीला सिलिंडर एकच, ३७३ घनसेंटिमीटरांचा. परंतु शक्ति सुमारें त्रेचाळीस अश्वांची! एका सिलिंडरामुळें भाग कमी, वजन कमी, आणि वळणावर गाडी हलकी. मात्र यंत्राची थरथर हातापायांना कळते. जागतिक शर्यतींत ‘मोटो थ्री’ नांवाचा एक वर्ग २०१२ सालीं सुरू झाला. त्यांत एकच सिलिंडर चालतो, आणि पहिल्याच वर्षीं केटीएमवर बसणाऱ्यानें अजिंक्यपद मिळविलें. आरसीचा घाट त्याच घराण्यांतला. तिची मागची बैठक बैठकीसारखी दिसतच नाहीं; गाडीचें शेंपूट म्हणूनच ती पाहणाऱ्याला वाटते. पुढें दोन गोल भिंगांचे दिवे. आणि पोटाशीं नारिंगी रंगाच्या पोलादी नळ्या जोडून केलेला, उघडा दिसणारा सांगाडा. आमच्या आळींतील मुलें तिला ‘टोळ’ म्हणत, आणि तें नांव अगदींच चुकीचें नव्हतें.

हा मुलगा आयटीआय होऊन भोसरीच्या एका लहान कारखान्यांत यंत्रावर काम करीत असे. वडील एका मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले वेल्डर. २०१५ सालीं, म्हणजे मी निवृत्त झालों त्याच वर्षीं, तो माझ्याकडे आला. गाडीची किंमत दोन लाखांच्या घरांत; पैसे त्यानें चार वर्षें सांठविलेले. “सर, बाबा ऐकत नाहींत. तुम्ही एक शब्द सांगा,” असें तो म्हणाला. मीं वडिलांची बाजू घेतली. “अरे, चारचौघांसारखी घे. विकतांना किंमत येईल, पाठीमागें आईला बसवितां येईल, आणि कोणी हंसणार नाहीं,” असा उपदेश मीं केला. “बरं सर,” म्हणून तो गेला, आणि पंधरा दिवसांनीं त्यानें तीच गाडी आणली. वडील त्याच्याशीं बोलेनासे झाले. मीही चारचौघांत त्याचा उल्लेख ‘उधळा’ असा केला. पुढें तीन वर्षें गुरुपौर्णिमेस तो माझ्याकडे आला नाहीं, याचा अर्थ मीं माझ्या सोयीनें लावला: मुलगा शिष्ट झाला.

२०१८ सालीं त्याच्या वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणून मी भेटीस गेलों. अंगणांत ती नारिंगी गाडी, आणि शेजारीं त्यांची जुनी स्कूटर; दोन्ही पुसून ठेवलेल्या. मीं सहज विचारलें, “आतां पटली का मुलाची गाडी?” म्हातारा हंसला. “मास्तर, तीन महिने मी तिच्याकडे पाहिलं नाहीं. मग एके दिवशीं कोणी घरांत नाहीं असं बघून खालीं बसलों आणि त्या नळ्यांचे टाके बघितले. चौतीस वर्षं हेंच काम केलं. एकसुद्धां टाका वांकडा नाहीं. माणसानं केला कीं यंत्रानं, मला ठाऊक नाहीं. पण ज्यानं केला त्यानं लोकांना दिसणार हें धरून केला. आमचं काम नेहमीं पत्र्याखालीं झांकलेलं असायचं.” त्या दिवसापासून बापलेकांचें बोलणें पुन्हा सुरू झालें होतें.

मग मुलानें एक वही आणून माझ्यापुढें ठेवली. मी वर्गांत प्रत्येक मुलाला जमाखर्चाची वही ठेवावयास लावीत असें. ही तिचीच सवय. पहिल्या पानावर गाडी घेण्यापूर्वीची तारीख होती आणि दोन रकाने होते: ‘हिनें काय होणार नाहीं’ आणि ‘हिनें काय होईल’. पहिला रकाना पानभर: आईला बसतां येणार नाहीं, स्कूटर तिच्यासाठीं ठेवावी, सामान नेतां येणार नाहीं, पुढें वांकून बसल्यानें मनगटें दुखतील, पेट्रोल अधिक लागेल, टायर महाग, चाकणच्या चौकांत ही गाडी आणि ट्रक एकाच वेगानें चालतील. दुसऱ्या रकान्यांत एकच ओळ होती. ‘दिवसभर मी तुकडे करतों, एक पुरी केलेली वस्तु आपली असावी.’

श्रोतेहो, या ओळीचा अर्थ भोसरीचे गाळे पाहिल्याखेरीज कळावयाचा नाहीं. तेथें हजारों तरुण मिलिमीटराच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक असे दांते, कड्या, खुंट्या रात्रंदिवस घडवितात. तो तुकडा पुढें कोणत्या यंत्रांत बसतो, तें पुष्कळांना ठाऊकही नसतें. अशा माणसाला, जिचा प्रत्येक भाग उघडा पाहतां येतो आणि ज्याचें काम आपणांस समजतें, अशी एक वस्तु हवीशी वाटावी, यांत उधळेपणा कोठें आला?

त्या वहीवरून मला माझ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. समाधान दोन प्रकारचें असतें. एक लोकांना सांगण्यासाठीं असतें. तें वस्तूचा एकही दोष कबूल करीत नाहीं, कारण दोष कबूल केला कीं आपला शहाणपणा उणा पडेल अशी त्याला धास्ती असते. दुसरें समाधान दोषांची यादी आधींच करून ठेवतें. या मुलानें मला न विचारतां आपल्या गाडीचीं सात वैगुण्यें सांगितलीं, आणि सातवें सांगतांना त्याचा चेहरा पहिल्यापेक्षां अधिक प्रसन्न होता. जो माणूस आपण काय सोडलें हें मोजून वस्तु घेतो, त्याला पुढें पश्चात्ताप करावयास फारसें उरत नाहीं. आणखी एक गोष्ट आहे. चारचौघांची वस्तु न रुचली, तर दोष चारचौघांत वांटला जातो. जगावेगळी वस्तु न रुचली, तर तो सर्वस्वीं आपला. म्हणून अशी वस्तु घेणारा तिला अधिक जपतो, तिचें यंत्र समजून घेतो, आणि समजून घेतलेली वस्तु आवडूं लागते.

याचा अर्थ जें जें विचित्र तें तें चांगलें, असा कोणी करूं नये. त्रेचाळीस अश्वांची शक्ति अविचारी हातांत पडली तर काय होतें, हें पुणें-नाशिक रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगावयास नको. आणि शिरस्त्राणाला पर्याय नाहीं, मग गाडी एका सिलिंडराची असो कीं चार. वेग ही निवड नव्हे. निवड त्याच्या आधीं, घरीं शांतपणें बसून, वहीच्या पानावर व्हावी लागते.

निघतांना मीं त्याला म्हटलें, “बाळ, मीं तुला चारचौघांत उधळा म्हटलें होतें.” तो म्हणाला, “माहीत आहे, सर,” आणि त्यानें तेंच पहिलें पान पुन्हा उघडून रकान्याच्या अगदीं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलें. तेथें लिहिलें होतें: ‘सर नाराज होतील.’ माझी नाराजी त्यानें गाडीच्या किंमतींत आधींच धरली होती, आणि ती मीं तीन वर्षें हप्त्याहप्त्यानें त्याच्याकडून वसूल केली होती. त्या पानावर मीं त्याच्यादेखत ती ओळ खोडली. पुढच्या गुरुपौर्णिमेस तो आला.

आपल्या घरांतील तरुण मुलगा किंवा मुलगी कांहीं जगावेगळें मागूं लागली, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आपण विचारूं नये, अशी माझी विनंती आहे. ‘यानें काय काय होणार नाहीं, तें लिहून आण,’ एवढेंच सांगावें. ज्याला तें पान भरतां येत नाहीं, त्याला थोपवावें. ज्याला तें भरतां येतें, त्याच्या वाटेंतून आपण बाजूस व्हावें. आणि जमल्यास खालीं बसून टाके नीट आहेत कीं नाहींत, तेवढें पाहावें.