वाईचा पाषाण आणि समुद्रातली पोवळी

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तिथे काळ्या पाषाणात मधूनच तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. लाव्हा निवला, ऊनपावसाने त्याची माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहत गेला. तांबडा पट्टा म्हणजे ज्वालामुखीची विश्रांती. आज मला या विश्रांतीविषयीच बोलायचे आहे, कारण समुद्रातल्या पोवळ्यांचे नशीब तिच्याशी बांधलेले आहे.

दख्खनच्या पाषाणातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत मोठ्या गटाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या वाईचे नाव दिले आहे. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे त्याचे पोटविभाग. सांगलीकडचा दंडोबाचा डोंगर घ्या, तोही दख्खनच्याच लाव्हाचा. इथे पोवळ्यांचे जीवाश्म मिळणार नाहीत, कारण ही तेव्हाही जमीनच होती. पण हा लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचला. आंध्रातल्या राजमहेंद्रीचा पाषाण रासायनिक घडणीने आपल्या आंबेनळी-महाबळेश्वरशी जुळतो. नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे 1000 किलोमीटर वाहत तो तिकडे गेला असावा.

हे सारे घडले सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. डायनोसॉर संपले तो हाच काळ. मेक्सिकोत चिक्शुलुबला अशनी आदळला तोही तेव्हाच. मग दोषी कोण? 2019 साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनच्या थरांचे वय मोजून निष्कर्ष छापले. एकाच्या मते लाव्हाचा मोठा लोंढा आघाताच्या जरा आधी आला, दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतरचा. हा वाद मिटलेला नाही.

समुद्राची साक्ष मात्र बरीच स्पष्ट आहे. नेदरलँड्समधल्या एका गुहेत त्या काळचा समुद्री गाळ आहे. त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून समुद्राची आम्लता काढली गेली. दख्खन धुमसत असतानाही आघातापूर्वी ती जवळजवळ स्थिर होती. आघातानंतर सामू (pH) एकदम पाव अंकाने उतरला, म्हणजे आम्लता वाढली. माझे मत असे, की आपला ज्वालामुखी अवाढव्य होता, पण थांबत थांबत ओकत होता, आणि त्या विसाव्यांत समुद्राला सावरायला वेळ मिळाला.

पोवळ्यांपैकी सगळी गेली नाहीत. ज्यांच्या शरीरात शैवाल राहते आणि त्यांना अन्न पुरवते, ती उथळ, उजेडाच्या पाण्यातली पोवळी जास्त मेली. आघाताच्या धुळीने आणि काजळीने सूर्य झाकला, शैवाल उपाशी राहिले. अंधाऱ्या पाण्यात स्वतःच भक्ष्य पकडणारी पोवळी त्या मानाने वाचली. रुडिस्ट नावाचे, समुद्रात भित्ती बांधणारे शिंपले मात्र समूळ गेले.

याहून भयंकर महाविनाश 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचा. त्यात त्या काळच्या पोवळ्यांचे दोन्ही प्रमुख गण कायमचे नष्ट झाले. तिथेही ज्वालामुखीच होता, सायबेरियातला. मग तो इतका घातक का? उत्तर बहुधा लाव्हाखालच्या खडकांत आहे. कोयनेजवळ घेतलेल्या वेधनछिद्रात 932 मीटर पाषाणाखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाचा थर नाही. सायबेरियात लाव्हा कोळशाच्या आणि मिठाच्या थरांतून वर आला, ते भाजले गेले आणि जमिनीतला कार्बन हवेत सुटला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर लाखो वर्षे खडकांत पोवळ्यांचा मागमूस नाही, आणि मग आजच्या पोवळ्यांचे पूर्वज दिसू लागतात. मधल्या काळात त्यांचे पूर्वज कुठे होते? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भूमध्य समुद्रातली पोवळी आम्ल पाण्यात ठेवली. त्यांचा चुनखडी सांगाडा विरघळला, तरी मऊ शरीर जगले. साध्या पाण्यात आणताच त्यांनी पुन्हा सांगाडा बांधला. सांगाड्यावाचून जगलेल्या जिवांचा जीवाश्म क्वचितच उरतो!

आता आजच्या समुद्राकडे पाहू. औद्योगिक क्रांतीपासून त्याचा सामू सुमारे 0.1 ने उतरला आहे, आणि तोही जेमतेम दोन शतकांत. विजयदुर्गपासून सुमारे 100 किलोमीटरवर, पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचे पोवळ्यांचे पठार आहे. मालवणच्या उथळ पाण्यातही पोवळी आहेत. मालवणची पोवळी पांढरी पडल्याच्या नोंदी आहेत. पाणी तापले की पोवळे आपले शैवाल बाहेर टाकते, म्हणून ते पांढरे पडते. चिक्शुलुबनंतर ज्यांना सर्वाधिक फटका बसला, तीच ही शैवालावर जगणारी पोवळी.